पन्हाळा पहिल्यांदा बघताय? मग असा बघा

कोल्हापुरात आलेला पाहुणा पन्हाळा साधारण असा उरकतो: सकाळी अंबाबाईचं दर्शन, मग मिसळ, तिथून गाडीनं जोतिबा, दुपारी दोनच्या उन्हात पन्हाळा, तीन दरवाजापुढं फोटो, झुणका-भाकरी, आणि दिवेलागणीला परत रंकाळ्यावर. गाडीवाले मामा या सगळ्याला 'पॉइंट' म्हणतात आणि बोटांवर मोजून दाखवतात. पॉइंट सगळे होतात, गड तेवढा राहून जातो.

माझं या भागात येणं-जाणं जुनं. पुण्या-मुंबईचे, गोव्याचे, कधी परदेशातून आलेले नातेवाईक गड दाखव म्हणतात आणि बहुतेक जण तेच प्रश्न विचारतात. म्हणून एकदा सगळं क्रमानं लिहून ठेवतोय. माझं मत आधीच सांगतो: पन्हाळ्यावर किमान एक रात्र राहा, जमलं तर दोन. तटाच्या आत वसलेलं हे राहतं गाव आहे. तहसील कचेरी, कोर्ट, शाळा, ग्रंथालय, किराणा दुकानं, सगळं गडावर. इथली नगरपरिषद राज्यातल्या सगळ्यांत लहान नगरपरिषदांपैकी एक. सहलीच्या बसगाड्या खाली उतरल्या की लोक आपापल्या ओट्यावर येऊन बसतात, आणि तेव्हा गड फिरायला खरा मोकळा होतो.

११ जुलै २०२५ला मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची नोंद जागतिक वारसा यादीत झाली. त्यात पन्हाळाही आहे. त्यामुळं येणाऱ्यांची गर्दी वाढणारच, आणि आधी ठरवून येणं आणखी गरजेचं झालंय.

१. आधी महिना ठरवा

दसऱ्यापासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस सगळ्यांत चांगले. हवा कोरडी, पहाटे गारठा, दुपारी चालता येईल इतपत ऊन. गडाजवळच्या मसाई पठारावरची फुलं बघायची असतील तर सप्टेंबर आणि ऑक्टोबरची सुरुवात. एप्रिल-मेमध्ये दुपारी तटावर उभं राहवत नाही, पण संध्याकाळी वारं सुटतं आणि करवंदं, जांभळं मिळतात.

पावसाळ्याबद्दल जरा स्पष्ट बोलतो. जुलै-ऑगस्टमध्ये गड ढगात असतो. दहा पावलांवरचं माणूस दिसत नाही, तिथं दरीचा देखावा कुठून दिसणार? ज्याला पाऊस, धुकं, कौलांवरून पडणाऱ्या पागोळ्या आवडतात त्यानं जरूर यावं. ज्याला फोटो हवेत त्यानं येऊ नये.

दुसरी गोष्ट पुराची. कोल्हापूरहून पन्हाळ्याला येणारा रत्नागिरी रस्ता पंचगंगेच्या काठानं जातो, आणि नदी पात्राबाहेर पडली की केर्लीच्या आसपास रस्त्यावर पाणी येऊन वाहतूक बंद होते. म्हणून पावसाळ्यात निघण्याआधी बातम्यांत 'राजाराम बंधारा' एवढंच शोधा. तिथली इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पातळी चाळिशीकडं सरकत असेल तर बेत पुढं ढकला. वर गेलात आणि पाणी चढलं तर गडावरच अडकाल. २०२१च्या जुलैत तर बुधवार पेठेजवळ घाटरस्ताच खचला होता, आणि गावकऱ्यांचे मग कितीतरी दिवस हाल झाले.

टाळायचे दिवस:

- रविवार. जोतिबाचा वार तोच आणि कोल्हापूरकरांच्या सहलीचाही तोच.
- चैत्री पौर्णिमा आणि तिच्या आगेमागचे दिवस. जोतिबाची यात्रा असते, सासनकाठ्या घेऊन लाखो लोक येतात, रस्ते वळवलेले असतात. यात्रा बघायलाच येत असाल तर गोष्ट वेगळी, पण मग गडाचा बेत त्यात मिसळू नका.
- १२ आणि १३ जुलैच्या आसपासचे दिवस. पन्हाळा ते पावनखिंड पदभ्रमंती मोहिमांसाठी राज्यभरातून पोरं येतात. खोली मिळणं अवघड होतं.

सोमवार ते गुरुवार यावं, हे माझं ठाम मत.

२. कोल्हापूरपर्यंत या, मग वर चढा

रेल्वेनं येणाऱ्यांना मुंबईहून महालक्ष्मी एक्सप्रेस सोयीची. रात्री बसायचं, सकाळी छत्रपती शाहू महाराज टर्मिनसवर उतरायचं. विमानानं आलात तर उजळाईवाडीला उतराल. रेल्वे स्टेशनपासून मध्यवर्ती बस स्थानक अगदी जवळ आहे, तिथून पन्हाळ्याची एसटी मिळते. अंतर वीस किलोमीटरच्या आसपास, घाटासकट पाऊण-एक तास.

एसटीखेरीज वडापच्या, म्हणजे माणशी भाडं घेणाऱ्या खासगी गाड्याही असतात. 'भरली की सुटते' हे त्यांचं वेळापत्रक. घाई नसेल तर चालतं. दोन्हींच्या बाबतीत एक काळजी घ्या: परतीची शेवटची गाडी किती वाजता, हे वर चढतानाच कंडक्टरला किंवा ड्रायव्हर मामांना विचारा. संध्याकाळी गाड्या लवकर विरळ होतात, आणि मग खास गाडी करावी लागते. तिचा दर अर्थातच तुमची अडचण बघून ठरतो.

स्वतःच्या गाडीनं येत असाल तर शिवाजी पूल ओलांडून रत्नागिरी रस्ता धरा. वाघबीळला डावीकडं पन्हाळ्याचा फाटा लागतो. पुण्याकडून येणाऱ्यांनी शहरात शिरूच नये. वाठारला महामार्ग सोडून कोडोली, बोरपाडळेमार्गे वाघबीळ गाठलं तर शहरातली कोंडी चुकते, आणि वारणेच्या काठचा उसाचा हिरवागार पट्टाही बघून होतो. गळिताच्या हंगामात मात्र या रस्त्यावर उसानं भरलेले ट्रॅक्टर असतात, त्यांना मागं दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात आणि रात्री त्यांचे मागचे दिवे असतीलच असं नाही. अंधारात हा रस्ता टाळा.

पेट्रोल खालीच भरून घ्या.

३. खोली, कागदपत्रं, सामान

गडावर साध्या लॉजपासून दरीकडं तोंड केलेल्या हॉटेलांपर्यंत सगळं आहे. घरगुती खोल्याही मिळतात. शनिवारची रात्र हवी असेल तर आगाऊ ठरवा, मधल्या वारी येऊन शोधली तरी मिळते. फोनवर तीन गोष्टी विचाराच: हॉटेल तटाच्या आत आहे की घाटात, गरम पाणी किती ते किती, आणि गाडी लावायला जागा आहे का. पहिला प्रश्न महत्त्वाचा. 'पन्हाळा' नाव लावलेली बरीच ठिकाणं खाली रस्त्याकडेला आहेत. तिथं राहिलात तर सकाळी उठून तटावर चालत जाण्याचा बेतच बारगळतो.

सोबत ठेवायचं ते असं:

- प्रत्येक मोठ्या माणसाचं मूळ ओळखपत्र. खोली देताना मागतात. परदेशातून आलेल्यांनी पासपोर्ट.
- एसटीनं येणाऱ्या ज्येष्ठांनी आधार कार्ड हाताशी ठेवावं, तिकिटाच्या सवलतीसाठी वाहक ते बघतात. ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं तिकीट. बायकांनाही अर्धं.
- गाडीची कागदपत्रं आणि लायसन्स.
- सुटे पैसे. गडाच्या नाक्यावर नगरपरिषदेचा प्रवासी कर भरावा लागतो. पावती घ्या आणि जपून ठेवा. गाडी घेऊन खाली-वर करणार असाल तर ती दाखवता येते.
- तळव्याला पकड असलेले बूट. जांभा दगड ओला झाला की शेवाळ धरतो, आणि अंधारबाव या गडावरच्या लपवलेल्या विहिरीच्या पायऱ्या बाराही महिने दमट असतात.
- टॉर्च. मोबाइलचा उजेड धान्याच्या जुन्या कोठारात पुरत नाही.
- हिवाळ्यात स्वेटर, कानटोपी. कोल्हापुरात उकडत असलं तरी वर रात्री लागते.

ड्रोन आणायचा असेल तर परवानगीशिवाय आणू नका. इथल्या बऱ्याच वास्तू पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहेत आणि पहारेकरी हटकतात.

४. पहिली संध्याकाळ: फक्त पाय मोकळे करा

दुपारी तीन-चारपर्यंत पोहोचा, सामान टाका, चहा घ्या.

गाडीनं आत येता त्या ठिकाणी एकेकाळी चार दरवाजा होता. आता अवशेष तेवढे आहेत. १८४४ला कोल्हापूर संस्थानात गडकऱ्यांचं, म्हणजे गड राखणाऱ्यांचं बंड झालं. इंग्रजांनी गडांची व्यवस्था बदलून पिढीजात गडकऱ्यांचे हक्क काढले, त्यातून सामानगड, भुदरगड, पन्हाळा पेटले. साताऱ्याचा रेसिडेंट कर्नल ओव्हान्स दौऱ्यावर असताना बंडवाल्यांनी त्याला धरून पन्हाळ्यावर डांबलं होतं. डिसेंबरमध्ये इंग्रजांनी तोफा लावून गड घेतला आणि पुन्हा कुणाला याचा आसरा घेता येऊ नये म्हणून तटबंदी पाडायला काढली. आज तुमची गाडी सहज आत येते ती या पाडापाडीमुळं. पुढं बाजीप्रभूंचा पुतळा लागतो. तिथं सगळे थांबतात, तुम्हीही थांबा, पण गाडी चौकात आडवी लावू नका.

मग चालत पुसाटी बुरुजाकडं जा. गडाचं हे पश्चिमेचं टोक. समोर मसाई पठार पसरलेलं दिसतं आणि सूर्य त्याच्या मागं उतरतो. परतताना गावातून या. कवी मोरोपंतांचा जन्म याच गावचा, १७२९चा. त्यांच्या नावाचं ग्रंथालय आहे. उघडं असेल तर आत डोकावा. इतिहासावरची पुस्तकं चाळायला मिळतात आणि गडाची माहिती सांगणारं कुणीतरी भेटतंच.

५. दुसरा दिवस: वेढ्यात अडकल्यासारखा गड बघा

हा लेखाचा मुख्य भाग. नकाशावर पंचवीस नावं असतात आणि नवखा माणूस जवळचं आधी, लांबचं नंतर असं बघत सुटतो. त्यात डोक्यात काही राहत नाही. मी वेगळा क्रम सुचवतो.

मार्च १६६० ते जुलै १६६० शिवाजी महाराज याच गडावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकले होते. अफजलखानाचा वध १० नोव्हेंबर १६५९चा. त्यानंतर अठराच दिवसांत पन्हाळा स्वराज्यात आला होता. तो परत घ्यायला विजापूरनं जौहरला पाठवलं. राजापूरच्या वखारीतले इंग्रजही तोफा घेऊन त्याच्या मदतीला आले, आपलं निशाण लावून त्यांनी गडावर गोळे टाकले. महाराजांनी पुढच्याच वर्षी राजापूरची वखार लुटली ती या आगळिकीपायी.

आता स्वतःला विचारा: चार महिने गड तग धरतो म्हणजे काय काय लागतं? धान्य, पाणी, भक्कम दार, आणि सगळं संपलं तर बाहेर पडायची वाट. याच क्रमानं चाला. सकाळी सातला निघालात तर बारापर्यंत होतं.

धान्य. पहिल्यांदा अंबरखाना. हा बालेकिल्ल्याचा भाग, भोवती खंदकाच्या खुणा आहेत. इथं गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन कोठारं. गंगा कोठी सगळ्यांत मोठी, पंचवीस हजार खंडी धान्य मावायचं असं सांगतात. आत गेल्यावर आधी डोळे अंधाराला सरावू द्या, मग वर बघा. छताला प्रत्येक खणात भोकं आहेत. धान्य दारातून आणून रचत नसत, बाहेरच्या जिन्यानं छतावर नेऊन भोकांतून आत ओतत. मग बाहेर येऊन तो जिना चढा, तेव्हा सगळी रचना ध्यानात येते. बहुतेक लोक आत 'ओ' देऊन आवाज घुमवतात आणि निघून जातात. तुम्ही भिंतींची जाडी हातानं मोजा.

पाणी. गावात सादोबा तळं, सोमेश्वर तळं आहे. सोमेश्वराला महाराजांनी आणि मावळ्यांनी सोनचाफ्याची लाख फुलं वाहिल्याची कथा इथं सांगतात. पण तळं उघडं असतं आणि वेढा घालणाऱ्याची पहिली नजर पाण्यावर असते. म्हणून तीन दरवाजाजवळची अंधारबाव बघाच. बाहेरून ती साधी दगडी इमारत वाटते. आत तीन मजले आहेत: तळाला विहीर, मधल्या मजल्यावर पहाऱ्याला राहता येईल अशी जागा आणि तटाबाहेर उघडणारी वाट, वर रस्त्याच्या पातळीचा मजला. पाणी लपवलेलं, राखलेलं, आणि वेळ आली तर तिथूनच निसटता येईल असं. मध्ययुगीन स्थापत्यात माझ्या आवडीची ही जागा. पायऱ्या जपून उतरा, लहान मुलांचा हात सोडू नका.

दार. लागूनच तीन दरवाजा. फोटोसाठी इथं रांग असते, म्हणून सकाळीच या. एकामागं एक दारं आणि मध्ये चौक: पहिलं दार फोडून आत आलेला शत्रू चौकात कोंडला जावा आणि वरून त्याला टिपता यावं, अशी योजना. फार्सी शिलालेख आहे, तो पहिल्या इब्राहिम आदिलशहाच्या काळचा. कोरीवकाम निवांत बघा. गडावरचं बांधकाम बघताना हे ध्यानात ठेवा की इथं शिलाहार, बहमनी, आदिलशाही, मराठे असे सगळे राबले आहेत. शिलाहार राजा दुसरा भोज बाराव्या शतकाच्या शेवटी इथून राज्य करत होता. 'सगळं महाराजांनी बांधलं' म्हणणारा वाटाड्या भेटला तर हसून सोडून द्या.

वाट. शेवटी राजदिंडी. इथं फारसं कुणी येत नाही. तट उतरणारी अरुंद वाट, आसपास झाडी. १२ जुलै १६६०ची रात्र, आषाढी पौर्णिमा, धुवाधार पाऊस. महाराज सुमारे सहाशे निवडक लोकांनिशी इथून उतरले आणि मसाई पठाराच्या दिशेनं विशाळगडाकडं निघाले. दुसऱ्या पालखीत महाराजांचं सोंग घेऊन शिवा काशीद बसले होते. ते पकडले गेले आणि मारले गेले. गडाच्या पायथ्याचं नेबापूर हे त्यांचं गाव. तिथं जायला वेळ काढा. राजदिंडीवर उभं राहून समोरचं पठार बघितलं की ती रात्र किती लांबची चाल होती ते कळतं. पावसाळ्यात या वाटेनं खाली उतरू नका, माती घसरते.

दुपारी जेवून आडवे व्हा. उन्हं कलली की उरलेलं बघा. ताराराणींचा वाडा गावातच आहे. कोल्हापूरच्या गादीचा कारभार बराच काळ पन्हाळ्यावरून चालला, राजधानी शहरात गेली ती १७८२ला. रामचंद्रपंत अमात्यांची समाधीही इथंच आहे. संभाजी मंदिराबद्दल मात्र एक गैरसमज पक्का आहे. हे मंदिर धर्मवीर संभाजी महाराजांचं समजून लोक हात जोडतात. ते कोल्हापूरच्या गादीवरच्या दुसऱ्या संभाजींचं. हात जोडायला हरकत नाही, पण कुणाला जोडतोय ते माहीत असावं.

थोरल्या संभाजी महाराजांशी नातं सांगायचं तर सज्जा कोठी. पूर्वेच्या कड्यावरची ही दुमजली आदिलशाही इमारत. मुघल सरदार दिलेरखानाकडून परत आल्यावर शंभूराजे पन्हाळ्यावर होते, पितापुत्रांची शेवटची भेट १६८०च्या जानेवारीत इथंच गडावर झाली. त्यांचा मुक्काम सज्जा कोठीत होता असं मानतात. इथं जायचं ते तिसऱ्या दिवशी पहाटे. सूर्य शेजारच्या पावनगडाच्या बाजूनं वर येतो आणि दरीतलं धुकं हळूहळू विरतं.

वाटाड्या घ्यावा का? हो, अर्ध्या दिवसासाठी घ्या, पैसे आधी ठरवा. एकच अट घाला: 'दादा, गोष्टी सांगा, पण कुठली ऐकीव आणि कुठली कागदात आहे तेही सांगा.' चांगला वाटाड्या या प्रश्नानं खूश होतो.

आणि जाता येता लोकांच्या अंगणात शिरून फोटो काढू नका. जुन्या वास्तूंच्या शंभर मीटरच्या आत बांधकामाला मनाई असल्यानं इथल्या लोकांना घराची साधी दुरुस्ती करायची तरी परवानग्या काढाव्या लागतात. वारसा यादीच्या बातमीनं आपण टाळ्या वाजवल्या, त्यांना आधी आपल्या घराची काळजी वाटली. गप्पा मारा, ऐकून घ्या.

६. खाणं

गडावरचं जेवण म्हणजे झुणका-भाकरी, खरडा, दही, कांदा. बायका चुलीवर समोर भाकरी थापून देतात. खरडा तोंडात टाकण्याआधी 'मावशी, थोडाच द्या' म्हणा. मावशींचं 'थोडा' आणि पुण्याचं 'थोडा' यांत अंतर आहे. मांसाहारी लोकांनी तांबडा-पांढरा रस्सा शहरातच खावा, गडावर हट्ट धरू नये. रात्री नऊनंतर जेवण मिळेलच असं नाही, म्हणून सकाळी सांगून ठेवा. कणसं, बोरं, करवंदं हंगामाप्रमाणं. कचरा मात्र खोलीवर परत आणा, दरीत नाही.

७. गड उतरून आसपास

मसाई पठार गडापासून गाडीनं अर्ध्या तासावर. सपाट, मैलोगणती, जांभ्याचं, मध्ये मसाई देवीचं साधं मंदिर. पावसानंतर इथं इवल्या इवल्या फुलांचे गालिचे पसरतात. हे आता संवर्धन राखीव क्षेत्र आहे, तेव्हा गाडी पठारावर घालू नका. चाकाच्या दोन चाकोऱ्या पडल्या की त्या पट्ट्यात पुढं फूल येत नाही. पठाराच्या उतारावर पांडवदरा लेणी आहेत, बौद्ध लेणी. वाट विचारत जावं लागतं. पठारावर सावली नाही, आसरा नाही. वीज कडाडायला लागली तर ताबडतोब उतरा.

जोतिबा, म्हणजे वाडी रत्नागिरी, मधल्या वारी सकाळी लवकर गाठा. आताचं मंदिर राणोजी शिंद्यांनी १७३०ला बांधलेलं. गुलाल-खोबरं उधळतात, त्यामुळं पांढरे कपडे घालून जाऊ नका, आणि कॅमेरा पिशवीत ठेवा. शेजारी पुजारी म्हणून कुणी हात धरला तर पूजेचं आधी ठरवा, नाहीतर लांबूनच 'चांगभलं' म्हणून दर्शन घ्या. देवाला दोन्ही सारखंच. डोंगराच्या पोटात पोहाळ्याची लेणी आहेत. जोतिबाला येणारे बहुतेक जण ती चुकवतात. शांत जागा, दगडात कोरलेला मोठा मंडप. अर्ध्या तासात होतं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत आलात तर गुऱ्हाळ बघितल्याशिवाय परत जाऊ नका. रस्त्याकडेला धुराचा लोट आणि चिपाडाचे ढीग दिसले की गाडी बाजूला घ्या आणि मालकाला विचारून आत जा. सहसा कुणी नाही म्हणत नाही, रसाचा पेला हातात येतो. मोठ्या काहिलीत रस उकळतो, भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी घालून त्यातली मळी वर आणतात आणि काढून टाकतात. पाक कधी उतरवायचा ते गुळव्या ठरवतो. त्याला थर्मामीटर लागत नाही, चिमूटभर पाक पाण्यात टाकून बोटानं बघतो. त्या क्षणी त्याच्याशी बोलू नका. काही सेकंद इकडं-तिकडं झाले तरी आधण बिघडतं. काहिलीपासून मुलांना लांब ठेवा, उकळता पाक अंगावर उडाला तर चिकटून राहतो.

गूळ घेताना फार पिवळाधमक घेऊ नका. तो रंग येण्यासाठी बहुधा पावडर वापरलेली असते. तांबूस, किंचित मऊ, खारट चव नसलेला गूळ चांगला. काकवी मिळाली तर घट्ट झाकणाच्या बाटलीत घ्या, प्रवासात उतू जाते.

८. पावनखिंड: चालत की गाडीनं?

पन्हाळा ते पावनखिंड चालत पन्नासेक किलोमीटर. तुरुकवाडी, म्हाळुंगे, मसाई पठार, कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, आंबेवाडी, पांढरेपाणी आणि मग खिंड. दोन दिवस, मध्ये वाडीवर मुक्काम. जुलैत जाणार असाल तर अनुभवी संस्थेबरोबरच जा. चिखलात बूट रुततात, ओढे अचानक चढतात, जळवा असतात, आणि बऱ्याच भागात मोबाइलला रेंज नसते. पहिल्यांदाच इतकं चालणाऱ्यानं महिनाभर आधी सराव करावा. हौस म्हणून येऊन अर्ध्यात सोडणारे दरवर्षी दिसतात, आणि त्यांना गाडीरस्त्यापर्यंत पोहोचवायला वाडीतल्याच माणसाला काम सोडून निघावं लागतं.

एवढी तयारी नसेल तर हिवाळ्यात गाडीनं जा. बांबवडे, मलकापूरमार्गे विशाळगडाच्या रस्त्याला लागायचं. दीड-दोन तास धरा. खिंडीत उतरायला पायऱ्या आणि लोखंडी शिडी आहे. १३ जुलैला बाजीप्रभू आणि बांदलांची माणसं जिथं उभी राहिली ती हीच खिंड, तेव्हाची घोडखिंड. जागा किती अरुंद आहे ते खाली उतरल्यावरच कळतं. पावसात शिडी निसरडी असते आणि पाणी जोरात वाहतं. प्रशासनानं बंदी घातली असेल तर ती मोडून उतरू नका.

तिथून विशाळगड जवळ आहे, पण गडावर जाण्याच्या वेळांवर अलीकडं निर्बंध असतात. निघण्याआधी मलकापूरला पोलिसांकडं किंवा एसटी स्टँडवर चौकशी करा. एकाच दिवसात पावनखिंड, विशाळगड आणि परत कोल्हापूरची रात्रीची रेल्वे असा बेत आखत असाल तर खिंडीतून दुपारी एकच्या आत निघा. मलकापूरच्या अलीकडं रस्ता अरुंद आहे, आणि उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकलात की वेळेचा हिशेब राहत नाही.